पंचवीस गुणांचा रुसवा

परीक्षेचा निकाल लागला की घरातली हवा बदलते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. पण हल्ली कित्येक घरांत निकाल वर्षातून एकदा लागत नाही. तो रोज रात्री दोन-तीनदा लागतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आकडा असतो. तो वर सरकला की चिरंजीव शीळ घालत जेवायला येतात, खाली आला की ताट तसेच राहते. आईने काळजीने विचारले, "काय रे, काय झाले?" तर उत्तर येते, "पंचवीस गेले." पंचवीस काय गेले? रुपये? मार्क? "एमएमआर गेला गं आई, तुला नाही कळायचे!" आणि खोलीचे दार बंद होते.

बंगळुरूसारख्या शहरात हे दृश्य अधिकच दिसते. पुणे, सांगली, बेळगाव, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी येथे आलेली मराठी कुटुंबे उंच इमारतींतून राहतात. आजी-आजोबा फोनवर भेटतात, चुलत-मावस भावंडे सुट्टीत. मुले घरात मराठी बोलतात, भाजीवाल्याशी कानडी आणि कानाला हेडफोन लावला की इंग्रजी-हिंदीची मिसळ. मैदाने लांब आणि रस्त्यावर वाहनांची गर्दी. तेव्हा संध्याकाळी खेळाचा अड्डा जमतो तो पडद्यावर. तेथे पाच मित्र मिळून दुसऱ्या पाचजणांशी लढतात, डावपेच आखतात, हरतात, जिंकतात आणि प्रत्येकाच्या नावापुढचा आकडा बदलत राहतो.

या आकड्यावरून घरोघरी रुसवे-फुगवे होत असतील, तर तो आकडा आहे तरी काय, हे आईवडिलांनी एकदा समजून घ्यायला हवे. त्याचे गणित फार अवघड नाही. आणि ते कळले की मुलाशी बोलायला एक वेगळाच धागा हाती येतो.

प्राध्यापकांची युक्ती

या गोष्टीची सुरुवात कॉम्प्युटरपासून नव्हे, बुद्धिबळापासून होते. अर्पाड एलो नावाचे एक गृहस्थ १९०३ साली हंगेरीत जन्मले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. पुढे ते मिलवॉकी शहरातल्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. बुद्धिबळाचे ते उत्तम खेळाडू होते. कोणता खेळाडू किती बलवान आहे हे नेमके कसे सांगायचे, हा प्रश्न अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेपुढे होता. एलो यांनी बसवलेली पद्धत त्या संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली आणि १९७० मध्ये जागतिक महासंघाने म्हणजे फिडेने. आज आपण 'एलो रेटिंग' म्हणतो ते यांच्याच नावाने.

त्यांची युक्ती अशी. खेळाडूची ताकद थेट मोजता येत नाही, पण दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक पाहून निकालाचा अंदाज मात्र बांधता येतो. दोघांचे आकडे सारखे असतील तर संधी निम्मी-निम्मी. फरक २०० गुणांचा असेल तर वरचढ खेळाडूला शंभरात सुमारे ७६ गुणांची अपेक्षा ठेवावी. फरक ४०० चा असेल तर सुमारे ९१. आधी अंदाज करायचा, मग सामना खेळवायचा आणि अंदाज जितका चुकला असेल तितकी आकड्यात दुरुस्ती करायची.

उदाहरण घेऊ. एकाचा आकडा १६००, दुसऱ्याचा १४००. एका सामन्यात जास्तीत जास्त २० गुणांचा बदल करायचा असे ठरले आहे. १६०० वाला जिंकला तर त्याला फक्त ५ गुण मिळतात, कारण तो जिंकणार हे अपेक्षितच होते. पण तो हरला तर त्याचे १५ गुण जातात आणि ते समोरच्याला मिळतात. म्हणजे ही शाबासकी किंवा शिक्षा नव्हे. हा आपल्या वाण्याच्या वहीतला हिशेब आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जो फरक पडला तेवढाच मांडायचा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेच्या परीक्षेत सगळा वर्ग शंभरपैकी नव्वद मिळवू शकतो. येथे तसे होत नाही. येथे एकाचे गुण वाढतात ते दुसऱ्याचे कमी होऊनच. त्यामुळे हा आकडा 'तुला किती येते' हे सांगत नाही. 'बाकीच्यांच्या तुलनेत तू कुठे उभा आहेस' एवढेच सांगतो. मुलगा गेल्या वर्षीपेक्षा चांगला खेळू लागला आणि बाकीचेही तितकेच सुधारले, तर आकडा जागचा हलणार नाही. म्हणून आकडा अडला म्हणजे पोराची प्रगती खुंटली असे होत नाही.

पाचांच्या संघात एकाचा हिशेब

बुद्धिबळात एकास एक लढत असते. पण ज्या खेळांनी आज मुलांना वेड लावले आहे त्यांत पाचास पाच असतात. त्यांतला एक नमुनेदार खेळ म्हणजे 'डोटा २'. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो २०१३ मध्ये बाजारात आणला. खेळायला पैसे पडत नाहीत. एका मोठ्या नकाशाच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही संघांचे तळ असतात. शंभराहून अधिक योद्ध्यांतून प्रत्येक खेळाडू एक योद्धा निवडतो आणि समोरच्या तळाची मुख्य वास्तू पाडणारा संघ जिंकतो. एक डाव साधारण पाऊण तास चालतो. या खेळातल्या रेटिंगला एमएमआर म्हणतात. एमएमआर म्हणजे मॅचमेकिंग रेटिंग, सामना जुळवण्यासाठी वापरायचा आकडा. हे नाव विसरू नका, कारण सगळे मर्म त्यातच आहे.

आता प्रश्न असा की, निकाल तर संघाचा लागतो, मग एकेकाचे गुण कसे ठरवायचे? सहज सुचणारे उत्तर म्हणजे ज्याने जास्त शत्रू मारले त्याला जास्त गुण. क्रिकेटमध्ये आपण असेच काहीसे करतो. खेळाडूंच्या क्रमवारीची जी पद्धत १९८७ पासून सुरू झाली, तिच्यात धावा, बळी, समोरच्या संघाची ताकद असा प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब असतो.

पण याच बंगळुरूत वाढलेल्या एका मराठी घरातल्या मुलाची आठवण करा. राहुल द्रविड २००३ च्या विश्वचषकात यष्टिरक्षण करत होता. ते काही त्याचे नेहमीचे काम नव्हते. पण त्याने ग्लोव्हज चढवले की संघाला एक फलंदाज जास्त खेळवता येत होता. भारत त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आता त्या जादा फलंदाजाने काढलेल्या धावा धावफलकावर फलंदाजाच्याच नावावर लागल्या. त्याला संघात जागा करून देणाऱ्याच्या नावापुढे त्यांतली एकही धाव नाही!

डोटामध्येही अशी द्रविडगिरी करणारे खेळाडू लागतात. त्यांना 'सपोर्ट' म्हणतात. ते नकाशावर पहारे बसवतात, जखमी साथीदाराला वाचवतात, मिळकत दुसऱ्यासाठी सोडतात, प्रसंगी त्याच्यासाठी स्वतःचा बळी देतात. फक्त मारलेल्या शत्रूंवर गुण दिले असते तर हे काम कोणी केलेच नसते. जो तो आपापले पान वाढून घ्यायला धावला असता आणि संघ बुडाला असता. म्हणून अशा खेळांत मुख्य हिशेब जय-पराजयाचाच ठेवतात. संघ जिंकला की पाचांचे गुण वाढतात, हरला की पाचांचे कमी होतात. डोटामध्ये ही वाढ-घट साधारण २५ गुणांच्या आसपास असते. चिरंजीवांचे 'पंचवीस गेले' ते हेच.

"पण मी इतके चांगले खेळलो, बाकीचे चौघे गाढव होते!" ही तक्रार मग ठरलेलीच. एखाद्या सामन्यात ती खरीही असू शकते. परंतु शंभर सामन्यांत नाही. कारण साथीदार दर वेळी बदलतात, विरोधक बदलतात. प्रत्येक सामन्यात कायम असतो तो एकच भिडू, आपण स्वतः. शिवाय थोडे गणित करा. आपण गाढव नाही असे धरले, तर आपल्या बाजूला गाढव येण्याच्या जागा चार आणि समोरच्या बाजूला पाच! म्हणजे दीर्घकाळात नशीब आपल्याच बाजूने थोडे झुकलेले. ही गंमत मुलाला सांगून पाहा. तो हसेल आणि बहुधा गप्प बसेल.

आकडा एक नव्हे, दोन

एलो यांच्या पद्धतीत एक उणीव होती. नव्या खेळाडूचा आकडा आणि दहा वर्षे खेळणाऱ्याचा आकडा तिला सारखाच भरवशाचा वाटे. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये 'ग्लिको' नावाची पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक खेळाडूमागे दोन आकडे असतात. पहिला त्याच्या कौशल्याचा अंदाज आणि दुसरा त्या अंदाजाबद्दलची शंका. नवा खेळाडू आला की शंका मोठी, म्हणून त्याचे गुण झपाट्याने वर-खाली होतात. सामने वाढत गेले की शंका कमी होते आणि आकडा स्थिरावतो. खेळाडू बरेच महिने गैरहजर राहिला की शंका पुन्हा वाढते. व्हॉल्व्हने २०२३ मध्ये डोटा २ साठी हीच ग्लिको पद्धत लागू केली.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन केंद्रात राल्फ हर्ब्रिख, टॉम मिंका आणि थोरे ग्रेपेल यांनी त्यांच्या एक्सबॉक्स खेळांसाठी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत तयार केली. २००६ मध्ये त्यांनी ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. संघाच्या निकालातून एकेकट्याचे कौशल्य कसे शोधायचे, हाच तिचा मुख्य विषय. तिच्यात नव्या खेळाडूला २५ हा अंदाज देतात आणि शंका सुमारे ८.३३ धरतात. लोकांना दाखवायचा आकडा काढताना अंदाजातून शंकेची तिप्पट वजा करतात. पंचवीसमधून पंचवीस गेले, उरले शून्य. म्हणजे नवा भिडू शून्यापासून सुरुवात करतो. पण त्याला काहीच येत नाही असे यंत्र म्हणत नाही. ते म्हणते, 'मला अजून तुझी पुरेशी ओळख नाही.'

वाचकहो, याचा जरा विचार करा. यंत्र स्वतःच्या मताबद्दल शंका बाळगते आणि नवी माहिती आली की मत बदलते. आपण माणसे मात्र एका चाचणीचे गुण पाहून 'हा गणितात कच्चाच' असा कायमचा शिक्का मारून मोकळे होतो. यंत्राकडूनही शिकण्यासारखे असते ते असे.

निम्मे सामने हरायचेच असतात

आता मघाच्या नावाकडे वळू. सामना जुळवणे हे या आकड्याचे खरे काम आहे. लाखो खेळाडूंतून दहाजण असे निवडायचे की दोन्ही बाजू तुल्यबळ व्हाव्यात. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद जोड पाहून कुस्ती लावतात, तसेच हे. पैलवानाची कुस्ती पोराटोरांशी लावली तर प्रेक्षक उठून जातील आणि पैलवानही काही शिकणार नाही.

जोड बरोबर लागली याची खूण काय? दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी निम्मी-निम्मी असणे. मुलगा सुधारला की यंत्र त्याला अधिक बलवान प्रतिस्पर्धी देते आणि पुन्हा तो निम्म्याच्या आसपास हरू लागतो. जगातला अगदी वरचा मूठभर वर्ग सोडला तर बहुतेकांच्या वाट्याला हेच येते. म्हणून 'एवढे तास खेळतोस आणि निम्म्या वेळा हरतोस?' असे म्हणण्यात अर्थ नाही. जो कधीच हरत नाही त्याची जोड चुकीची लागली आहे, एवढेच समजावे.

नाणेफेकीचा हिशेब

ज्या आकड्यावरून ताट तसेच राहते, त्यात नशिबाचा भाग किती, हेही पाहू. समजा, मुलगा बरोबर आपल्या योग्यतेच्या जागी आहे आणि प्रत्येक सामन्यात त्याची संधी निम्मी आहे. म्हणजे प्रत्येक सामना ही एक नाणेफेक झाली. शंभर वेळा नाणे उडवले तर बरोबर पन्नास छापे पडतील असे नाही. पंचेचाळीस पडतील, पंचावन्न पडतील. चाळीस ते साठ यांच्या दरम्यान काहीही पडले तरी नाण्यात खोट आहे असे कोणी म्हणणार नाही.

आता गुण मांडा. शंभरात ४५ जिंकले, ५५ हरले, म्हणजे दहा सामन्यांचा तोटा. दर सामन्याला २५ प्रमाणे २५० गुण गेले. खेळात काडीचाही फरक न पडता, निव्वळ नशिबाने! उलट, मुलगा खरोखर सुधारला आणि शंभरात सरासरी ५५ जिंकू लागला, तर त्याची कमाईही तेवढीच, २५० गुण. म्हणजे शंभर सामने झाल्यावरही नशीब आणि सुधारणा एकमेकांत मिसळलेलीच असतात. आकडा खाली गेला की पुढचे प्रतिस्पर्धी थोडे सोपे मिळतात आणि त्यामुळे तो फार काळ भरकटत नाही हे खरे. पण थोड्या दिवसांच्या चढ-उतारातून काही निष्कर्ष काढणे म्हणजे दोन दिवसांच्या पावसावरून वर्षाचे पीक ठरवणे.

शिवाय शंभर सामने म्हणजे, चाळीस मिनिटांचा एक धरला तरी, सुमारे ६७ तास. रोज संध्याकाळी दोन सामने खेळले तर पन्नास दिवस. मग एका रात्री गेलेल्या पंचवीस गुणांची किंमत काय? आणि ओळीने पाच सामने हरणे? शंभर नाणेफेकींत कुठे ना कुठे सलग पाच काटे बहुधा पडतातच. त्याला 'माझे काहीतरी बिघडले आहे' असे समजून रात्री दोन वाजेपर्यंत 'आता गेलेले परत मिळवूनच झोपणार' म्हणत बसणे हीच खरी हानी. दमलेला मुलगा आणखी वाईट खेळतो आणि आणखी गुण घालवतो. जुन्या काळी पत्त्यांच्या अड्ड्यावर माणसे अशीच अडकत. फरक इतकाच की येथे पैसे जात नाहीत, झोप जाते.

लबाडीच्या वाटा

जेथे गुण आले तेथे गुणांची चोरीही आलीच. एक प्रकार म्हणजे 'स्मर्फिंग'. तरबेज खेळाडू नव्या नावाने खाते उघडतो आणि नवशिक्यांत जाऊन त्यांना झोडपतो. दहावीच्या मुलाने चौथीच्या स्कॉलरशिपला बसावे, तसे. १९९६ च्या सुमारास एका खेळातल्या दोन तरबेज खेळाडूंनी ओळख लपवण्यासाठी 'स्मर्फ' या कार्टूनमधली नावे घेतली, त्यावरून हा शब्द रूढ झाला. व्हॉल्व्हने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९०,००० खाती बंद केली. रेटिंगसाठीचे सामने खेळण्याआधी कित्येक तास साधे सामने खेळण्याची आणि खात्याला मोबाईल नंबर जोडण्याची अट या खेळात ठेवली गेली, तिचे कारणही हेच. शंका मोठी असलेल्या खात्याचे गुण झपाट्याने वाढवणारी नवी पद्धतही येथे उपयोगी पडते, कारण छुपा उस्ताद लवकर वरच्या वर्गात ढकलला जातो.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. पैसे घेऊन दुसऱ्याचे खाते चालवून देणारे आणि आकडा वाढवून देणारे लोक असतात. मुले पॉकेटमनी साठवून त्यांना देतात आणि वर पासवर्डही देतात. पैसे गेले, खाते गेले, हे तर होतेच. पण गणिताच्या दृष्टीनेही तो शुद्ध वेडेपणा आहे. उसन्या आकड्यावर मुलगा पुढे खेळायला बसला की यंत्र त्याला आवाक्याबाहेरचे प्रतिस्पर्धी देते. तो हरत हरत पुन्हा आपल्या जागी येतो आणि वाटेत साथीदारांच्या शिव्या खातो. खोटे प्रमाणपत्र दाखवून मिळवलेली नोकरी जशी टिकत नाही, तसेच हे. आपल्या घरात 'पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही' हा नियम उंबरठ्याइतका पक्का असावा.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि हे डावपेचांचे खेळ वेगळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्यात पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. मुलगा 'गेम' खेळतो म्हणजे तो जुगार खेळतो असे नव्हे. पण तो नेमके काय खेळतो हे पालकांना ठाऊक हवे.

आकडा कुठे थांबतो?

चांगला आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, याचा दाखला आपल्या नागपूरनेच दिला आहे. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेला गेली, तेव्हा मानांकनात तिचा क्रमांक पंधरावा होता. अंतिम फेरीत समोर होती अनुभवी कोनेरू हम्पी. रेटिंगमध्ये तिच्याहून वरचढ. दिव्याने टायब्रेकमध्ये विजय मिळवला आणि त्या विजेतेपदाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. एरवी त्या किताबासाठी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागते. तिचे रेटिंग तेव्हा २५०० च्या आतच होते. आकडा अंदाज सांगतो. पटावर बसून निकाल लावायचा असतो तो माणसानेच. एलो यांची पद्धतही याहून वेगळे काही सांगत नाही. शंभरात ७६ म्हणजे उरलेले २४ कोणाचे तरी असतातच!

संघाच्या खेळात तर आकडा आणखी लवकर थांबतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या जोडीने पहिली राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली. मोईन एजाझ याच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा २ संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हे खेळ प्रथमच पदकांसाठी खेळले गेले. असा संघ काही पाच मोठे आकडे एकत्र करून उभा राहत नाही. कोण कोणासाठी माघार घेतो, हरत असताना कोणाचा आवाज शांत राहतो, चूक झाल्यावर कोण साथीदाराला सावरतो, हे सारे आकड्याबाहेरचे. पाच शाहीर एकदम गाऊ लागले तर पोवाडा होत नाही, झीलकरीही लागतातच.

आणि म्हणून आपल्या पाल्याने कौतुक मिळवावे असे वाटत असेल, तर ते आकड्याबाहेरच्या गोष्टींबद्दल करावे. "आज किती वाढले?" याऐवजी "आज कोणाला वाचवलेस?" असे विचारून पाहावे.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, सामना चालू असताना 'आत्ताच्या आत्ता ऊठ' असा हुकूम सोडू नये. मध्येच उठून गेल्यास त्याला दंड होतो आणि त्याच्या चार साथीदारांचे नुकसान होते. मुलगा हट्टी असतो म्हणून नव्हे, तर चौघांना तोंडघशी पाडायचे नाही म्हणून तो बसून राहतो. त्याऐवजी आधीच ठरवावे, 'जेवणाआधी एक तास उरला असेल तरच नवा सामना सुरू करायचा. एकदा सुरू केलास तर आम्ही हाक मारणार नाही.' हा करार मुले सहसा पाळतात, कारण तो त्यांना न्याय्य वाटतो.

दुसरी गोष्ट, ओळीने दोन सामने हरले की त्या दिवसापुरते थांबायचे. कारण उपदेशाचे देऊ नका, नाणेफेकीचे द्या. ते त्याला पटेल.

तिसरी गोष्ट, आकडा रोज पाहायचा नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत लिहायचा, बस्स. सहा महिन्यांनी ती वही उघडली की त्यालाच दिसेल, की कोणत्या पंचवीस गुणांसाठी आपण कोणती रात्र जागवली होती.

चौथी गोष्ट, मुलीही हे खेळ खेळतात. हेडफोनवर मुलीचा आवाज ऐकला की काहीजण वाटेल ते बोलतात. अशा वेळी 'तू खेळूच नकोस' असे सांगणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या व्यक्तीचा आवाज बंद कसा करायचा आणि तक्रार कशी नोंदवायची, हे दोघींनी मिळून शिकून घ्यावे. आणि आपला मुलगा दुसऱ्याच्या मुलीशी कसा बोलतो, याकडेही कान असू द्यावा.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खेळ आणि व्यसन यांतली रेषा ओळखावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश झाला आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यातल्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी साऱ्या गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे. हे साधारण वर्षभर चालले आणि अभ्यास, झोप, नाती यांवर गंभीर परिणाम झाला तर तो विकार समजतात. नुसते खेळण्याचे तास मोजून तो ठरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी 'शट क्लिनिक' सुरू झाले, ते अशाच मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही. मूल जेवणखाण, शाळा, मित्र सारे सोडून पडद्याशी एकटे पडू लागले असेल, तर वर्ष भरण्याची वाट पाहू नये. रागावण्यापूर्वी जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पण बहुतेक घरांत प्रश्न एवढा मोठा नसतो. तेथे एक मूल असते, त्याने मनाला लावून घेतलेला एक आकडा असतो आणि त्या आकड्याची भाषा न समजणारी घरातली माणसे असतात. यांतली तिसरी अडचण तरी आता दूर झाली आहे. ज्यांनी हा आकडा शोधला त्यांनी त्याच्या शेजारी शंकेचा दुसरा आकडा लिहून ठेवला आहे. 'हा आमचा अंदाज आहे, चूकही असू शकेल' असे ते गणितच सांगते. आपल्या मुलांबद्दल आपण बांधलेले अंदाजही असेच पेन्सिलीने लिहावेत. खोडायला बरे पडतात.